शार्क बघायचेत? मग आधी ते कुठे टिकलेत आणि कशामुळे टिकलेत ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की स्कूबाचं अ‍ॅडव्हान्स्ड सर्टिफिकेट झालंय, चांगलं कोरल असलेल्या ठिकाणी डायव्ह केलेत, पण शार्क म्हणून एक दिसला नाही. आणि ओळखीतलं कुणीतरी एकाच डायव्हमध्ये दोनशे बघून आलं. मग हे नशीब, सीझन की अजून काही, जायचं कुठे, खायला घालून शार्क बोलावतात त्या डायव्हला जावं का, आणि धोका किती. मी बरीच वर्षं शार्क असलेल्याच ठिकाणी गाईडचं काम करतोय, त्यामुळे उत्तर लांबणार, निवांत वाचा.

नशिबाचा भाग असतो, पण तुम्हाला वाटतोय तेवढा नाही. कोरल रंगीत, पाणी नितळ, बारीक मासे ढिगाने आणि शार्क शून्य, अशा रीफ जगात चिक्कार आहेत. २०२० मध्ये 'नेचर'मध्ये ग्लोबल फिनप्रिंट नावाच्या प्रोजेक्टचा निकाल आला होता. त्यांनी काय केलं, तर आमिषाची पिशवी लावलेले कॅमेरे तळाला ठेवले, ५८ देशांतल्या ३७१ रीफवर, आणि १५ हजार तासांच्या वर व्हिडिओ बसून बघितला. जवळजवळ २० टक्के रीफवर एकसुद्धा शार्क आला नाही, तेही समोर आमिष टांगलेलं असताना! सहा देश-प्रदेश तर असे निघाले की तिथं सगळं मिळून ८०० तासांच्या वर कॅमेरे चालले आणि शार्क दिसले ३. उलट बहामाज, मालदीव, फ्रेंच पॉलिनेशिया, मायक्रोनेशिया, ऑस्ट्रेलिया इथं चित्र बरंच चांगलं. या दोन गटांत फरक कशाचा? जवळ माणसांची वस्ती किती दाट, मोठा बाजार किती लांब, सरकारचा वचक किती, आणि गिलनेट (पाण्यात भिंतीसारखं उभं सोडलेलं जाळं) आणि लाँगलाइन (शेकडो गळ लावलेली मैलोन्‌मैल लांब दोरी) चालतात की नाही, याचा. कोरल किती सुंदर यावरून काहीच ठरत नाही, म्हणून तुम्ही ठिकाण निवडताना फोटोंवर गेलात तिथंच गडबड झाली.

असं का होतं ते कळायला शार्कला पिल्लं किती आणि कधी होतात तेवढं बघा, बाकी सगळं त्यातनंच निघतं. बाजारात येणारे बहुतेक मोठे मासे लाखांनी अंडी सोडतात, त्यातली थोडी जगली तरी चालतं. ग्रे रीफ शार्क, म्हणजे इंडो-पॅसिफिकच्या रीफवर तुम्हाला हमखास भेटणारा, त्याची मादी साधारण वर्षभर पोटात वाढवते आणि मग १ ते ६ पिल्लं देते. स्पायनी डॉगफिश या छोट्या शार्कचं गरोदरपण तर जवळपास दोन वर्षांचं. ग्रेट व्हाइटच्या मणक्यातल्या कड्या मोजून वय काढलेला वायव्य अटलांटिकमधला २०१५चा अभ्यास आहे, त्यात नर वयात येतो साधारण २६व्या वर्षी आणि मादी ३३व्या. म्हणजे तेहतीस वर्षं ती जाळ्यातनं आणि गळातनं सुटली पाहिजे, मग कुठे पहिलं बाळंतपण. टायगर शार्कला एका वेळी १० पासून ८० पर्यंत पिल्लं होतात, तो त्यातल्या त्यात चिवट. बाकीच्यांचं असं की थोड्या बोटी लागल्या तरी काही सीझनमध्ये रीफ रिकामी होते आणि भरायला दशकं जातात. इतर मासेमारीत निदान व्याजावर जगता येतं, इथे लोक थेट मुद्दलाला हात घालतात.

आणि शार्क मारायलाच निघालेली बोट लागते असंही नाही. ट्यूनासाठी सोडलेल्या लाँगलाइनला सिल्की शार्क, ब्लू शार्क लागतातच, गिलनेट तर काही निवडतच नाही. लाँगलाइनच्या गळाजवळ स्टीलची तार असेल तर शार्क अडकून राहतो, साधी नायलॉनची दोरी असेल तर बऱ्याचदा दाताने तोडून निघून जातो, ट्यूना मात्र दोन्हीला लागतो. एवढ्याशा बदलाने किती शार्क वाचतात बघा, पण असल्या गोष्टींचे फोटो कुणी टाकत नाही.

सगळ्यात जास्त गैरसमज फिनिंगचा. लोकांना वाटतं पंख कापून धड समुद्रात फेकायला बंदी आली की झालं काम. ती क्रूर पद्धत बंद व्हायलाच हवी होती, त्यात वाद नाही. पण २०२४ च्या सुरुवातीला 'सायन्स'मध्ये जो जागतिक हिशोब आला त्यात दिसलं की २०१२ ते २०१९ या काळात फिनिंगविरोधी कायदे दहापटीने वाढले, आणि मासेमारीत मरणारे शार्क वर्षाला साधारण ७ कोटी ६० लाखांवरून ८ कोटींवर गेले. कारण कायद्याने सांगितलं अख्खा शार्क किनाऱ्यावर आणा, मग लोकांनी अख्खा आणला, आणि मांसाला, तेलाला, कातडीला गिऱ्हाईक शोधलं. फरक पडलेला दिसला तो जिथं शार्क पकडायलाच पूर्ण बंदी होती आणि ती पाळली जात होती तिथं. त्यामुळे एखादा देश 'आमच्याकडे फिनिंग बंद आहे' म्हणाला की मी फार टाळ्या वाजवत नाही, मी विचारतो शार्क उतरवायला बंदी आहे का आणि गस्तीला बोट आहे का.

आता तुमच्या ओळखीतल्या माणसाचे दोनशे शार्क. ते बहुधा फाकारावाचे असणार, फ्रेंच पॉलिनेशियातलं अ‍ॅटॉल, म्हणजे कड्यासारखं कोरलचं बेट, त्याची दक्षिणेकडची खिंड. तिथं साधारण सातशेपर्यंत ग्रे रीफ शार्क असतात. ही जागा मला नीट सांगू दे, कारण शार्क कशावर जगतात ते एवढं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं. एवढ्या शार्कना पुरेल इतकं खाणं त्या खिंडीत मुळात नाहीच, हिशोब लावला तर पिरॅमिड उलटा पडतो, खाणारे वर जास्त आणि खाली शिकार कमी. मग जगतात कसे? तर दरवर्षी जून-जुलैच्या पौर्णिमेच्या सुमाराला कॅमोफ्लाज ग्रूपर नावाचे मोठे मासे अंडी सोडायला तिथं जमतात, २०१६ च्या अभ्यासात हा आकडा १७ हजारांपर्यंत मोजलाय, आणि काही आठवडे शार्कची चंगळ असते. बाकीच्या महिन्यांत दुसरे मासे आपापल्या वेळी अंडी सोडायला येतात. म्हणजे आसपासच्या मोठ्या भागातले मासे आपल्या पायाने, म्हणजे पंखाने, शार्कच्या ताटात येतात. आता समजा शार्कला बंदी ठेवली पण ग्रूपर जमायच्या वेळी कुणी जाळी टाकून ते सगळे उचलले, तर शार्कला एक गळ न लावता ती खिंड रिकामी होईल. शार्क वाचवायचे तर त्यांचं खाणंही वाचवावं लागतं ते असं.

दुसरी गंमत तिथं डोळ्यांनी दिसते. भरतीचं पाणी आत शिरताना उतारावर आपटून वर उचललं जातं आणि शार्क त्या वर येणाऱ्या प्रवाहात नाक करंटकडे करून नुसते तरंगतात, शेपटी जेमतेम हलते. हळूहळू मागे सरकत रांगेच्या टोकाला पोचलेला शार्क बाजूने फिरून परत पुढे येऊन लागतो. २०२१ चा एक अभ्यास आहे, त्यात यामुळे त्यांची १० ते १५ टक्के शक्ती वाचते असं निघालं. ग्रे रीफ शार्कला पोहणं थांबवता येत नाही, मग आराम करायचा तर अशीच जागा लागते. शिकार रात्री. दिवसा तुम्ही खडकाआड बसून जी शार्कची भिंत बघता ती खरं तर विश्रांतीची वेळ आहे, म्हणून मध्ये घुसून ती भिंत फोडणारा डायव्हर दिसला की माझं डोकं फिरतं.

पॉलिनेशियात शार्क पकडायला २००६ पासून बंदी आहे, माको जातीचा शार्क तेवढा सुटला होता, तोही २०१२ मध्ये बंदीत आला. पलाऊने २००९ मध्ये जगातलं पहिलं शार्क अभयारण्य जाहीर केलं. मालदीवने २०१० मध्ये पूर्ण बंदी आणली. बहामाजने लाँगलाइन १९९३ मध्येच बंद केली होती, शार्कची बंदी २०११ ची, आणि माझ्या मते तिथं आज टायगर, हॅमरहेड, रीफ शार्क सगळे दिसतात त्याचं मोठं श्रेय त्या १९९३ च्या निर्णयाला आहे, कारण तेव्हा शार्क अजून शिल्लक होते. संपल्यावर बंदी आणली तर वाट बघण्यात पिढी जाते. मेक्सिकोतल्या काबो पुल्मोचं उदाहरण घ्या. १९९५ मध्ये पार्क जाहीर झाला, १९९९ ला मोजलं तेव्हा बाहेरच्या समुद्रात आणि आत काही फरक नव्हता, आणि २००९ ला परत मोजलं तर माशांचं एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढलेलं, मोठे शिकारी मासे त्याहून कितीतरी जास्त पटीने. कुणी केलं? तिथल्याच मासेमार कुटुंबांनी मासेमारी सोडली आणि स्वतः पहारा दिला.

पैशाचा मुद्दा इथेच येतो आणि तो टाळून बोलणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पलाऊवर २०११ मध्ये एक हिशोब प्रसिद्ध झाला, शार्क डायव्हिंगमधनं देशाला वर्षाला साधारण १ कोटी ८० लाख डॉलर, म्हणजे अर्थव्यवस्थेच्या ८ टक्के. आकडा भारी आहे, पण तो सरकारला पटतो, होडीवरच्या माणसाला नाही. ज्याने गळ टाकायचा सोडला त्याच्या घरात त्यातलं काय येतं हा खरा प्रश्न. फिजीत शार्क रीफ मरीन रिझर्व्ह २००४ मध्ये झालं तिथं हे सरळ सोडवलंय, त्या समुद्रावर पिढीजात हक्क असलेल्या गावांनी तिथली मासेमारी सोडली आणि बदल्यात दर डायव्हरमागे ठरलेली रक्कम गावाला जाते. जिथं सगळा पैसा बाहेरच्या बोटवाल्याकडे जातो तिथं रात्री कुणीतरी जाळं टाकतोच, आणि त्याला दोष तरी काय द्यायचा.

दोन गोष्टी पटकन. एक, पिल्लांची जागा. बरेच शार्क उथळ खाजणात, तिवरांत, नदीच्या मुखाशी पिल्लं सोडतात. बहामाजमधल्या बिमिनीच्या लेमन शार्क माद्या तर स्वतः जिथं जन्मल्या तिथंच पिल्लं द्यायला परत येतात हे जनुकीय तपासणीतनं सिद्ध झालंय. ती तिवरं बुजवून हॉटेल बांधलं तर बाहेरच्या रीफला कितीही संरक्षण द्या, उपयोग नाही. दोन, शार्क दिसेनासे झाले म्हणजे मारलेच असं नाही. दक्षिण आफ्रिकेत गान्सबाईला २०१७ मध्ये दोन ऑर्का (किलर व्हेल) आले, ग्रेट व्हाइट मारून त्यांचं यकृत खायला लागले, आणि बाकीचे ग्रेट व्हाइट तो भाग सोडून गेले. उलट अमेरिकेत केप कॉडला १९७२ च्या कायद्याने सील वाचले, सील वाढले तसे त्यांच्या मागे व्हाइट शार्क परत आले.

खुल्या समुद्रातल्या शार्कचं मात्र अवघड आहे. खुल्या समुद्रातले शार्क आणि रे (त्यांचे चपटे नातलग) १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटले असं २०२१ चा अभ्यास सांगतो, मुख्यतः मासेमारीमुळे, आणि हे प्राणी कुठल्याही एका देशाच्या हद्दीत राहत नाहीत. पूर्व पॅसिफिकमधल्या कोकोस, मालपेलो, गालापागोस या बेटांभोवती हॅमरहेडचे थवे आहेत, तिथं संरक्षणही आहे, पण ते या बेटावरून त्या बेटावर जाताना मधल्या पाण्यात लाँगलाइन उभ्या असतात. बेटं सांभाळली आणि वाट मोकळी सोडली तर काय होणार?

आता तुम्ही स्वतः पाण्यात असताना रीफ कशी ओळखायची. नुसते शार्क मोजू नका. लहान, हातभर लांबीचे दिसतात का बघा, म्हणजे तिथं पैदास चालू आहे. पोट दोन्ही बाजूंनी फुगलेल्या माद्या दिसतात का, त्यांच्या कल्ल्यांच्या मागे आणि पंखांवर अर्धगोल चाव्याच्या खुणा असतात का, त्या भांडणाच्या नसतात, नर मिलनाच्या वेळी मादीला तोंडाने धरतो त्याच्या असतात. मोठे ग्रूपर आहेत का. आणि जबड्याच्या कोपऱ्यात गंजलेला गळ, त्याला लोंबणारी दोरी, असे शार्क वारंवार दिसले तर समजा बंदी कागदावर आहे.

धोक्याबद्दल. जगभरात माणसाने न छेडता शार्क चावल्याच्या घटना वर्षाला साधारण ६०-७०, त्यातले मृत्यू बहुतेक वर्षी दहाच्या आत, आणि त्यात सर्फर आणि पोहणारे जास्त, डायव्हर कमी. बुडबुडे आणि आवाज करणारा हा अवजड प्राणी बहुतेक शार्कना नकोसाच वाटतो. पण ग्रे रीफ शार्कचा इशारा ओळखता आलाच पाहिजे, हे ब्रीफिंगमध्ये सांगत नसतील तर विचारा. नाक वर उचलतो, पाठीत बाक येतो, छातीचे दोन्ही पंख खाली ताणून धरतो, आणि पोहणं असं होतं की डोकं नि शेपटी जरुरीपेक्षा जास्त डावी-उजवीकडे फिरतात, कधी आठच्या आकड्यासारखे फेरे. हे दिसलं की फोटोचा मोह सोडा, फ्लॅश मारू नका, त्याच्याकडे तोंड ठेवून हळू मागे सरका आणि त्याची बाहेर जायची वाट मोकळी करा. तो बहुतेक वेळा कोपऱ्यात सापडलेला असतो, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही. टायगर शार्कचं वेगळं, तो सावकाश येतो, मागून येतो, आणि तुम्ही बघताय हे कळलं की बऱ्याचदा वळतो, म्हणून मान सतत फिरती ठेवा. ओशियानिक व्हाइटटिप दिसला तर पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत बसू नका, ग्रूप सोडू नका, शिडीपाशी टंगळमंगळ नको.

हॅमरहेडला उलटी अडचण, ते तुम्हालाच घाबरतात. मालपेलो-कोकोसला क्लीनिंग स्टेशनपाशी खडकाला चिकटून खाली राहायचं, पिवळे बार्बरफिश तिथं घोळक्याने तयार असतात, थव्यातला एखादा हॅमरहेड सुटून खाली उतरतो, अंग जरा तिरकं करतो आणि बार्बरफिश त्याच्या अंगावरचे परजीवी टिपायला लागतात. एका डायव्हरने भसकन श्वास सोडला की गेला तो. म्हणून काही जण श्वास रोखतात, ते अजिबात करू नका, स्कूबावर श्वास रोखणं शार्कपेक्षा कितीतरी धोकादायक आहे, सावकाश आणि लांब श्वास घ्या बस.

आमिष घालून होणाऱ्या डायव्हबद्दल माझं मत ठाम हो किंवा ठाम नाही असं नाहीये, आणि कुणी ठाम सांगत असेल तर तो एक बाजू विकतोय. बहामाजमधल्या टायगर बीचच्या टायगर शार्कना टॅग लावून बघितलं तेव्हा ते आयत्या खाण्याला चिकटून बसलेले दिसले नाहीत, उलट लांब लांब फिरत होते. दुसरीकडे फिलिपिन्समध्ये ओस्लोबला व्हेल शार्कना रोज हाताने चारतात, तिथं काही शार्क वर्षातला मोठा काळ मुक्काम ठोकून राहतात आणि बोटींना चिकटतात, ते मला पटत नाही आणि मी कुणाला तिथं पाठवत नाही. बोटवाल्याला विचारा आमिष कोण हाताळतो, पाण्यात किती गाईड असतात, डायव्हर किती, शार्क जास्त चवताळले तर आमिष बंद करतात का, आणि गावाला किंवा पार्कला पैसे जातात का. शेवटच्या प्रश्नाला जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नका. गेलात तर काळे ग्लोव्ह्ज, काळा हूड, हात अंगाशी, अंगावर चमकणारं काही नाही.

तुमच्या सर्टिफिकेटवर ३० मीटरची मर्यादा आहे, ती फाकारावाला पुरते कारण शार्क साधारण २५-३० मीटरला भेटतात, पण तिथं हवा पटकन संपते आणि वेळही, म्हणून आधी नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजनवाल्या मिश्रणाचा, कोर्स करा, त्याने वेळ वाढतो, हवा मात्र तेवढीच राहते. त्याआधी मालदीवच्या चॅनेलमध्ये किंवा पलाऊच्या ब्लू कॉर्नरला करंटमध्ये थांबायची सवय करा. रीफ हुक, म्हणजे करंटमध्ये टिकायला दोरीला बांधलेला आकडा, मेलेल्या खडकातच अडकवायचा, जिवंत कोरलला नाही, दोरी ताणली गेली की बीसीडीत (हवा भरायच्या जॅकेटात) किंचित हवा भरून तळापासून थोडं वर तरंगायचं, आणि सोडायच्या आधी ती हवा काढायला विसरायचं नाही, नाहीतर थेट वर फेकले जाल. हे अंगवळणी पडलं की मग कोकोस. दीड दिवस बोटीचा प्रवास आहे आणि जवळपास कसलीच मदत नाही, त्यामुळे डायव्हिंगचा विमा आधी काढून ठेवा.